उसनी बॅट, उसना ग्लोव्ह: जुन्या बेसबॉल कार्डांवरील साहित्य कोणाचे, हे कसे ओळखावे

जुन्या अमेरिकन बेसबॉल कार्डावर, म्हणजे खेळाडूचे छायाचित्र छापलेल्या छोट्या संग्राह्य कार्डावर, खेळाडूच्या हातात दिसणारी बॅट त्याचीच असणार, असे आपण न तपासता धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु ही छायाचित्रे कोणत्या परिस्थितीत घेतली जात, हे लक्षात घेतले की अपवाद का आढळतात ते कळते. अशी कार्डे काढणाऱ्या टॉप्स कंपनीसाठी काम करणारे छायाचित्रकार फ्लोरिडा आणि ॲरिझोना येथील वसंत ऋतूतल्या सराव शिबिरांत, किंवा हंगामात सामन्याआधीच्या सरावाच्या वेळी, मैदानाच्या कडेला उभे राहून खेळाडूंना एकामागून एक बोलावत आणि त्यांच्या ठरावीक मुद्रा टिपत: बॅट उगारलेली, चेंडू अडवण्यासाठी वाकलेली, पिचर (चेंडू टाकणारा) असेल तर फेकीच्या तयारीतली, आणि खेळाडू पुढे दुसऱ्या संघात गेला तर अडचण नको म्हणून टोपी काढलेली. ज्याची स्वतःची बॅट त्या क्षणी हाताशी नसे, तो शेजाऱ्याची घेई किंवा मैदानावर पडलेली उचलून घेई. छायाचित्रकाराला चौकट भरलेली हवी असे. बॅट कोणाची, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

संग्राहकाला मात्र ते कळून घ्यावेसे वाटते, आणि ही जिज्ञासा क्षुल्लक नाही असे माझे ठाम मत आहे. हातातल्या वस्तूवरून छायाचित्र कोणत्या वर्षाचे, कोणत्या शिबिरातले, शेजारी कोण उभे होते, हे उलगडू शकते. त्याच वेळी एका अस्पष्ट आकड्यावरून ‘ही अमुक महान खेळाडूची बॅट’ असे जाहीर करण्याची घाईही या छंदात फार दिसते. म्हणून खाली दिलेल्या पद्धतीत पुरावा शोधण्याइतकीच जागा चुकीच्या वाटा बंद करण्याला दिली आहे.

आधी छायाचित्राचे वर्ष आणि प्रकार ठरवा

कार्डाचे वर्ष आणि छायाचित्राचे वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हंगामाच्या सुरुवातीला बाजारात येणाऱ्या कार्डासाठी छायाचित्र बहुधा आदल्या वर्षीचे किंवा त्याहूनही जुने वापरले जाई. १९६८ मध्ये खेळाडू संघटनेने, मार्विन मिलर यांच्या नेतृत्वाखाली, टॉप्सशी नव्या करारासाठी बोलणी चालू असताना खेळाडूंना छायाचित्रांसाठी उभे न राहण्याचे आवाहन केले; त्यामुळे १९६९ च्या संचात जुनी आणि टोपीविना घेतलेली छायाचित्रे मोठ्या प्रमाणात आली. अशा कार्डावरील बॅटचा आकडा १९६९ च्या संघयादीशी ताडून पाहणे व्यर्थ आहे. ज्या वर्षी तो गणवेश वापरात होता त्या वर्षाची यादी घ्यावी लागते. गणवेशावरील अक्षरांची ठेवण, बाहीवरील पट्ट्या, टोपीचे चिन्ह आणि मागे दिसणारे मैदान यांवरून ते वर्ष बरेचसे निश्चित करता येते. खेळाडू संघ बदलून आलेला असेल तर टोपीवर नव्या संघाचे चिन्ह रंगवलेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी टोपी नव्या संघाची आणि बॅट जुन्या संघातील सहकाऱ्याची, असा प्रकार घडू शकतो, आणि तो उलगडण्यासाठी दोन्ही संघांच्या याद्या समोर ठेवाव्या लागतात.

मुळात जे समोर आहे ते छायाचित्र आहे की चित्र, हेही पाहिले पाहिजे. टॉप्सच्या १९५३ च्या संचात रंगवलेली चित्रे आहेत, १९५२ च्या संचात कृष्णधवल छायाचित्रांवर रंग चढवलेले आहेत, आणि टॉप्सने पूर्णपणे रंगीत छायाचित्रांचा संच प्रथम १९५७ मध्ये काढला. त्याच वर्षी कार्डाचा आकार २½ × ३½ इंच झाला, जो पुढे प्रमाण ठरला. १९५७ पूर्वीच्या टॉप्स कार्डांवर बॅटवरील पट्टी किंवा ग्लोव्हचा रंग हा पुरावा धरू नये, कारण तो कलाकाराच्या कुंचल्यातून आलेला असू शकतो. बोमन कंपनीचा १९५३ चा रंगीत संच याला अपवाद आहे, कारण त्यात खरी रंगीत छायाचित्रे आहेत.

त्याहून मागे गेल्यास प्रश्नाचे स्वरूपच बदलते. गुडविन कंपनीच्या १८८६ ते १८९० या काळातील ‘ओल्ड जज’ सिगारेट कार्डांसाठी खेळाडू स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे उभे राहत, आणि चेंडू हवेत दिसावा म्हणून तो दोरीने टांगलेला असे. पुष्कळ कार्डांवर ती दोरी स्पष्ट दिसते. तिथे बॅट हे छायाचित्रासाठी मांडलेले साहित्य असल्याचीच शक्यता अधिक धरावी आणि ‘कोणाची’ असा प्रश्न विचारूच नये. गणवेशावर कायमस्वरूपी क्रमांक येण्यास १९२९ मध्ये सुरुवात झाली, त्यामुळे त्याआधीच्या कार्डांवर आकड्यांच्या आधारे करायची कोणतीही तपासणी लागू होत नाही.

प्रतिमा उलटी छापलेली नाही ना

उजव्या हाताचा खेळाडू डावखुऱ्यासारखा उभा दिसला की उसन्या साहित्याचा संशय येतो, पण त्याआधी निगेटिव्ह उलटी छापली गेली नाही याची खात्री केली पाहिजे. टॉप्सच्या १९५७ च्या हँक ॲरनच्या कार्डावर तो डाव्या बाजूने फलंदाजी करताना दिसतो. कारण इतकेच की प्रतिमा उलटी आहे, आणि गणवेशावरील ४४ हा आकडाही आरशात दिसावा तसा उलटा आहे. अपर डेक कंपनीच्या १९८९ च्या डेल मर्फीच्या कार्डातही हीच चूक झाली होती. ती पुढे दुरुस्त करण्यात आली.

उलटेपणा ओळखण्यासाठी प्रथम अक्षरे आणि आकडे पाहावेत, मात्र सममित अक्षरांवर भिस्त ठेवू नये. मिलवॉकी ब्रेव्ह्जच्या टोपीवरील इंग्रजी ‘एम’ आरशातही तसाच दिसतो, त्यामुळे ॲरनच्या कार्डावर टोपी काहीच सांगत नाही. अक्षरे दिसत नसतील तर शर्टाची बटणपट्टी पाहावी: पुरुषांच्या शर्टात घालणाऱ्याच्या डाव्या हाताकडील पट्टी वर येते, आणि उलट्या प्रतिमेत ती उजव्या बाजूची वर आलेली दिसते. १९७० च्या दशकात अनेक संघांनी डोक्यातून घालायचे बिनबटणांचे गणवेश वापरले, तिथे ही कसोटी चालत नाही.

हात आणि पवित्रा

प्रतिमा सरळ आहे असे ठरले की कार्डाची मागची बाजू वाचावी. खेळाडू कोणत्या हाताने फेकतो आणि कोणत्या बाजूने फलंदाजी करतो, हे बहुतेक संचांत तिथे छापलेले असते. ग्लोव्ह नेहमी फेकीच्या हाताच्या विरुद्ध हातात असतो. म्हणून उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या उजव्या हातात ग्लोव्ह असेल, तर तो डावखुऱ्यासाठी बनवलेला ग्लोव्ह आहे आणि जवळजवळ नक्कीच दुसऱ्याचा आहे. उसने साहित्य सिद्ध करणारा याहून बळकट पुरावा कार्डावर क्वचितच मिळतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे टॉप्सच्या १९५९ च्या संचातील ४४० क्रमांकाचे ल्यू बर्डेटचे कार्ड. मिलवॉकीचा हा उजव्या हाताचा पिचर छायाचित्रकाराची गंमत करण्यासाठी डावखुऱ्याच्या थाटात उभा राहिला, आणि ते कोणाच्या लक्षात न येता तसेच छापले गेले. ग्लोव्ह त्याचा डावखुरा सहकारी वॉरन स्पॅन याचा होता, असे संग्राहकांत वर्षानुवर्षे सांगितले जाते. ही कथा पूर्ण संभवनीय आहे, तरी कार्ड आणि कथा यांतील सीमा इथे नीट पाहून घ्यावी. ग्लोव्ह डावखुऱ्याचा आहे, म्हणजे बर्डेटचा नाही, एवढे कार्डावरून कळते. तो स्पॅनचा आहे हे मात्र कार्डाबाहेरच्या सांगण्यावरून आलेले आहे. आपल्या टिपणात ही दोन विधाने वेगवेगळी लिहावीत.

बॅटच्या बाबतीत ही कसोटी फारच दुबळी आहे, कारण बॅटला डावे-उजवे नसते. टॉप्सच्या १९६५ च्या कार्डावर बॉब यूकर डाव्या बाजूने फलंदाजीला उभा आहे, वास्तविक तो उजव्या बाजूने खेळत असे. पण त्यावरून पवित्रा खोटा आहे इतकेच कळते आणि बॅटविषयी काहीही कळत नाही. मिकी मँटल किंवा पीट रोझ यांच्यासारखे दोन्ही बाजूंनी खेळणारे फलंदाज कोणत्याही बाजूला उभे दिसले तरी त्यात नवल नाही, आणि रिकी हेंडरसनसारखे डाव्या हाताने फेकणारे पण उजव्या बाजूने फलंदाजी करणारे खेळाडू विरळ असले तरी आहेत. म्हणून ‘फेक’ आणि ‘फलंदाजी’ या दोन्ही नोंदी स्वतंत्रपणे वाचाव्यात.

बॅट: गाठीवरचा आकडा आणि त्याचे सापळे

बॅटच्या मुठीच्या टोकाला जी गोल गाठ असते, तिच्या सपाट भागावर खेळाडू आपला गणवेश क्रमांक काळ्या शाईने मोठा लिहीत, म्हणजे बॅटींच्या रांगेतून आपली पटकन ओळखता येई. फलंदाज कॅमेऱ्याकडे तोंड करून बॅट मागे नेतो तेव्हा ही गाठ अनेकदा थेट कॅमेऱ्याकडे येते, आणि उसनी बॅट ओळखण्याची खरी संधी तिथेच असते. गाठीवरील आकडा खेळाडूच्या गणवेशावरील आकड्याहून वेगळा असेल तर संशयाला जागा आहे. पण संशयापासून निष्कर्षापर्यंत जाताना निदान चार सापळे टाळावे लागतात.

पहिला सापळा आकड्याच्या दिशेचा आहे. गाठ गोल असल्याने तिचे वर-खाली ठरलेले नसते, आणि इंग्रजी आकड्यांतील ६ उलटा धरला की ९ दिसतो, १६ चा ९१ आणि १८ चा ८१ होतो. त्या काळी नियमित खेळाडूंना मोठे क्रमांक क्वचितच दिले जात, त्यामुळे ९१ दिसल्यास आधी १६ गृहीत धरणे शहाणपणाचे. ६ की ९ हा पेच मात्र संघयादी पाहूनच सोडवावा लागतो, आणि दोन्ही क्रमांकांचे खेळाडू त्या वर्षी संघात असतील तर तो सुटत नाही.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे. लुइव्हिल स्लगर बॅटी बनवणाऱ्या हिलरिच अँड ब्रॅड्सबी कंपनीने १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बॅटचा मॉडेल क्रमांक गाठीवरच ठोकलेला असे. नंतर तो बॅटच्या जाड भागावर गेला. हे क्रमांक एक अक्षर आणि त्यापुढे आकडा असे असतात: बेब रूथवरून आलेले ‘आर ४३’, चक क्लाइनवरून ‘के ५५’, व्हर्न स्टीफन्सवरून ‘एस २’. छपाईत अक्षर पुसट झाले की ‘आर ४३’ हा कोणा ४३ क्रमांकाच्या खेळाडूचा आकडा वाटू लागतो. फरक ओळखण्याची खूण अशी की ठोकलेला मॉडेल क्रमांक लहान, बारीक आणि लाकडात दबलेला असतो, तर हाताने लिहिलेला गणवेश क्रमांक गाठीचा बराचसा भाग व्यापतो. साध्या पूर्णाकृती छायाचित्रात मॉडेल क्रमांक वाचता येण्याइतका स्पष्ट सहसा नसतोच, म्हणून जो आकडा लांबूनही ठळक दिसतो तो बहुधा शाईचा असतो.

तिसरा सापळा क्रमांक बदलण्याचा आहे. सराव शिबिरात नवख्या खेळाडूंना मोठे क्रमांक दिले जात आणि संघात जागा पक्की झाल्यावर लहान क्रमांक मिळे. खेळाडूने संघ बदलला तरी क्रमांक बदले. त्यामुळे गाठीवर वेगळा आकडा दिसला तर तो त्याच खेळाडूचा आधीचा क्रमांक आहे काय, हे सर्वप्रथम तपासावे. ‘बेसबॉल रेफरन्स’ या संकेतस्थळावर खेळाडूंचे वर्षवार गणवेश क्रमांक पाहता येतात, आणि माझ्या मते ही एक तपासणी वगळून केलेला कोणताही दावा विचारात घेऊ नये.

चौथा सापळा छपाईचा आहे. जुनी कार्डे रंगीत ठिपक्यांनी छापलेली असतात, आणि एखादा आकडा मोजक्या ठिपक्यांतच उमटलेला असतो. तिथे इंग्रजी ३ आणि ८ यांतला फरक एक-दोन ठिपक्यांचा असतो. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने किंवा ६०० ते १२०० डीपीआयच्या स्कॅनने जे दिसते त्यापलीकडे मोठे केल्यास केवळ ठिपके मोठे होतात, माहिती वाढत नाही. प्रतिमा स्वच्छ करणाऱ्या सॉफ्टवेअरने आकडा ‘सुधारून’ घेणे तर टाळलेच पाहिजे, कारण ते नसलेल्या रेषा भरून काढते. शक्य असल्यास एकाच कार्डाच्या दोन-तीन प्रती पाहाव्यात. रंगांचे ठसे प्रत्येक प्रतीत थोडे वेगळे सरकलेले असतात आणि एखाद्या प्रतीत आकडा अनपेक्षितपणे स्वच्छ मिळतो. टॉप्सने आपल्या संग्रहातील अनेक मूळ निगेटिव्ह आणि पारदर्शिका ‘टॉप्स व्हॉल्ट’ या नावाखाली विकल्या आहेत. त्यांची विक्रीच्या वेळची छायाचित्रे उपलब्ध असतील तर ती कार्डापेक्षा कितीतरी अधिक सांगतात.

गाठीखेरीज बॅटवर आणखी काही खुणा असतात. होनस वॅग्नरने १९०५ मध्ये हिलरिच कंपनीशी करार केला तेव्हापासून खेळाडूची सही बॅटच्या जाड भागावर उमटवण्याची प्रथा रुळत गेली. करार असलेल्याच्या बॅटवर सहीची नक्कल, आणि करार नसलेल्याच्या बॅटवर साध्या ठोकळा अक्षरांत नाव असे. नाव पूर्ण वाचता आले नाही तरी ती सही आहे की ठोकळा अक्षरे, आणि नाव लांब आहे की आखूड, एवढे कळले तरी दावेदारांची यादी निम्म्यावर येते. परंतु सहीच्या बॅटी खेळाडू एकमेकांच्या नमुन्याप्रमाणे मागवत, आणि दुकानांतही थोरांच्या सहीच्या बॅटी मिळत, हे विसरू नये. ॲडिरोंडॅक या दुसऱ्या कंपनीच्या बॅटीच्या मानेजवळ एक रंगीत कडे असते. ते दिसल्यास बॅट कोणत्या कंपनीची हे लगेच कळते, पण अनेक खेळाडू दोन्ही कंपन्यांच्या बॅटी वापरत असल्याने मालकी ठरवण्यासाठी तिचा उपयोग कमीच. हातात फंगो, म्हणजे प्रशिक्षक सरावासाठी झेल उडवताना वापरतात ती लांब आणि सडपातळ बॅट असेल, तर ती सरावाच्या सामायिक साहित्यातून उचललेली समजावी. पिचरच्या हातात बॅट दिसली तर संशय वाढतो, पण लक्षात असू द्यावे की अमेरिकन लीगमध्ये १९७३ साली नियुक्त फलंदाजाचा (पिचरऐवजी दुसऱ्याने फलंदाजी करण्याचा) नियम येईपर्यंत दोन्ही लीगमधील पिचर फलंदाजी करत होते.

गाठीवरील लेखन मालकाने का केलेले असते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण फ्लीअर कंपनीच्या १९८९ च्या बिली रिपकेनच्या कार्डाचे आहे. गाठीवर एक अश्लील शब्द वाचता येत होता, कंपनीने तो झाकण्यासाठी कार्डाच्या अनेक आवृत्त्या काढल्या, आणि सहकाऱ्यांनी खोडी केल्याची चर्चा दीर्घकाळ चालली. २००८ मध्ये रिपकेनने सांगितले की सरावाची बॅट वेगळी ओळखू यावी म्हणून तो शब्द त्यानेच लिहिला होता. परकी वाटणारी खूणही मालकाचीच निघू शकते, हे इथे दिसते.

ग्लोव्ह आणि हेल्मेट

ग्लोव्ह खेळाडू जिवापाड जपत, आपल्या हाताला बसवून घेत, म्हणून उसने ग्लोव्ह बॅटींपेक्षा कमी आढळतात, आणि आढळले तर बहुधा प्रकारावरून ओळखू येतात. आउटफिल्डरच्या (मैदानाच्या दूरच्या भागातील क्षेत्ररक्षकाच्या) हातात फर्स्ट बेसमनचा (पहिल्या बेसवरील खेळाडूचा) मिट, म्हणजे बोटे वेगळी नसलेला ग्लोव्ह, किंवा इनफिल्डरच्या (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाच्या) हातात कॅचरचा (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याचा) गुबगुबीत मिट असेल, तर खेळाडूने त्या जागेवर कधी सामने खेळले होते काय, हे नोंदींत पाहावे. खेळला असेल तर संशय तिथेच संपतो. मनगटाच्या पट्ट्यावर किंवा अंगठ्यावर लिहिलेला आकडा दिसल्यास त्याला बॅटच्या आकड्याचेच नियम लावावेत.

हेल्मेटच्या बाबतीत कानाजवळच्या संरक्षक पट्टीकडे पाहावे. फलंदाजाचा जो कान पिचरकडे असतो त्यावर ती असते, म्हणजे उजव्या बाजूने खेळणाऱ्याच्या डाव्या कानावर. पट्टी चुकीच्या कानावर असेल आणि प्रतिमा सरळ असेल, तर हेल्मेट दुसऱ्याचे आहे किंवा दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्याने दुसऱ्या बाजूचे घातले आहे. नव्या खेळाडूंना ही पट्टी १९८३ पासून सक्तीची झाली, त्यामुळे जुन्या कार्डांवर ती नसणे यात काही विशेष नाही. कॅचरचे छातीचे कवच आणि पायाची संरक्षक साधने अनेकदा संघाचीच असत. तिथे ‘उसने’ हा शब्द जपून वापरावा.

संघाची सगळी कार्डे शेजारी मांडा

एका कार्डावर मिळत नाही ते उत्तर पुष्कळदा शेजारच्या कार्डावर असते. त्या वर्षीच्या संचातील एकाच संघाची सगळी कार्डे, आणि आधीच्या व नंतरच्या वर्षांचीही, एकत्र मांडावीत आणि पार्श्वभूमीतील कुंपण, झाडे, सावलीची दिशा व गणवेश जुळणारी वेगळी काढावीत, म्हणजे एकाच बैठकीत घेतलेली छायाचित्रे समोर येतात. त्यांत मुठीवरील चिकटपट्टीचा तोच सर्पिल, तोच डाग किंवा लाकडाची तीच गडद रेघ दोघांच्या हातात दिसली, तर एकच बॅट हातोहात फिरत होती हे आकडा न वाचताही सिद्ध होते. हे काम वेळखाऊ आहे, पण सर्वांत समाधान देणारेही आहे, आणि मला ते सर्वाधिक विश्वासार्ह वाटते.

माणूस तोच आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे. टॉप्सच्या १९६९ च्या ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर संघाचा बॅटबॉय (बॅटी सांभाळणारा मदतनीस) आहे, १९८५ च्या गॅरी पेटिसच्या कार्डावर त्याचा धाकटा भाऊ आहे, आणि १९६६ च्या डिक एल्सवर्थच्या कार्डावर १९६४ मध्ये विमान अपघातात मरण पावलेला केन हब्स आहे. अशा कार्डावर छापील नावाच्या खेळाडूशी साहित्य ताडून पाहिले तर सगळेच उसने भासेल.

निष्कर्ष नोंदवताना जे दिसते ते आधी लिहावे, म्हणजे गाठीवर कोणता आकडा वाचला, कोणत्या प्रतीवर आणि किती खात्रीने. त्यानंतर छायाचित्राचे ठरवलेले वर्ष आणि त्याचा आधार. मग त्या वर्षी तो क्रमांक वापरणाऱ्या सर्वांची नावे. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन खुणा जुळल्याशिवाय, उदाहरणार्थ गाठीवरचा आकडा आणि सहीची ठेवण, मालकाचे नाव ‘संभाव्य’ या शब्दाविना लिहू नये. एकच खूण असेल तर ‘खेळाडूची स्वतःची नसावी’ इथपर्यंतच थांबावे, आणि टिपणाशेजारी स्कॅन जोडून ठेवावा, म्हणजे अधिक चांगली प्रत हाती आलेल्या दुसऱ्या संग्राहकाला तेच वाचन पुन्हा तपासता येईल.